पश्चिमेची जमीन आणि पूर्वेच्या गिरण्या : अमेरिकेत आधी काय वाढलं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.ए.च्या अभ्यासक्रमात 'पश्चिमेकडील विस्तार' आणि 'औद्योगिक वाढ' ही दोन प्रकरणं वेगवेगळी आहेत, पण प्रश्नपत्रिकेत मात्र दोन्हींचा संबंध विचारतात. तुमच्या सरांनी सांगितलं, की पश्चिमेला मोकळी जमीन भरपूर होती, माणसं तिकडे निघून गेली, मजूर महाग झाले आणि म्हणून कारखानदारांनी यंत्रं आणली. तुम्हाला शंका आली, की सगळे शेती करायला गेले तर गिरण्यांत राबत कोण होतं? शेवटी तुम्ही हेही विचारलंय, की उत्तरात नकाशा काढावा का.

अमेरिकेचा इतिहास मी पदव्युत्तर वर्गाला सत्तावीस वर्षं शिकवला. तुमची शंका अगदी योग्य जागी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सरांनी सांगितलेलं चूक नाही, पण ते काही ठिकाणी आणि काही काळापुरतंच लागू पडतं. १८१५ सालचं मॅसॅच्युसेट्स आणि १८५५ सालचं इलिनॉय यांना एकच कारण चिकटवलं की उत्तर फसतं. त्यामुळे कुठलंही वाक्य लिहिण्याआधी 'कधी?' आणि 'कुठे?' हे स्वतःला विचारायची सवय लावून घ्या.

माझ्या मते खरी अडचण 'मोकळी जमीन' या दोन शब्दांत आहे. जमीन मोकळी नव्हती, फुकट नव्हती आणि पोचायला सोपीही नव्हती. ती रिकामी करून घेतली गेली, मोजली गेली, विकली गेली आणि तिथलं पीक बाजारात आणायला वाट तयार केली गेली. विस्तार आणि उद्योग यांची गाठ या चार कामांत पडते. ही कामं एकापाठोपाठ एक बघितली, की दोन प्रकरणांमधली भिंत आपोआप पडते.

मोजणीपासून सुरुवात करतो, कारण तिथे माझा जीव गुंतलेला आहे. माझे वडील मोजणी खात्यात होते. घरात एक जुनी शंकू साखळी होती, ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे आम्ही पाढ्यांसारखं शिकलो. अमेरिकेतले भूमापक जी साखळी वापरत ती ६६ फुटांची, म्हणजे आपल्या बरोबर दोन साखळ्या. तिचा चौरस म्हणजे चार गुंठे, असे दहा चौरस म्हणजे एक एकर, आणि ८० साखळ्या म्हणजे एक मैल. दरवर्षी मी मुलांना मैदानावर नेऊन दोरीने ६६ फूट मोजायला लावायचो. सात-आठ वेळा दोरी टाकली की मुलं घामाघूम व्हायची. मग सांगायचो, की हेच काम जंगल तोडत, ओढे ओलांडत, झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करत शेकडो मैल करायचं होतं.

इंग्लंडशी झालेल्या १७८३ च्या तहाने मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश कागदावर नव्या देशाकडे आला. सरकार कर्जबाजारी होतं, आणि विकण्यासारखी एकच गोष्ट हाताशी होती : जमीन. १७८५ च्या कायद्याने ओहायो नदीच्या काठापासून मोजणी सुरू झाली. सहा मैल लांब-रुंद चौरस म्हणजे एक टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. सोळाव्या क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखून ठेवलेला. डोंगर असो की दलदल, रेषा सरळ जायची. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या माणसाला न बघितलेला तुकडा नुसत्या क्रमांकावरून विकत घेता येऊ लागला.

आपल्याकडे १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मोजणीची नवी पद्धत बसवली. तिचा हेतू शेतसारा ठरवण्याचा होता. साखळी दोन्हीकडे फिरली, पण आपल्याकडे ती कसणाऱ्याच्या शेतातून फिरली आणि तिकडे विक्रीचा माल तयार करत फिरली. हा फरक उत्तरात एका ओळीत आला तरी पुरे.

आता किंमत बघा. सुरुवातीला निदान ६४० एकर घ्यावे लागत आणि दर एकरी किमान एक डॉलर. म्हणजे ६४० डॉलर एकदम. सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्टच नव्हती. म्हणून बरीचशी जमीन आधी सट्टेबाजांनी आणि कंपन्यांनी उचलली. पुढे हळूहळू तुकडा लहान होत गेला. १८२० च्या कायद्याने ८० एकर, एकरी सव्वा डॉलर, म्हणजे १०० डॉलर रोख. उधारी मात्र बंद केली, कारण १८१९ च्या मंदीत उधारीवर जमीन घेतलेले असंख्य लोक बुडाले होते. या १०० डॉलरांवर बैलजोडी, नांगर, बियाणं, पहिलं पीक हाती येईपर्यंतचं धान्य आणि प्रवासखर्च चढवा. आज ना उद्या पश्चिमेला जाऊन शेतकरी होईन असं म्हणणाऱ्या गिरणीकामगाराला हा हिशोब सहज पेलणारा नव्हता. पश्चिमेला गेलेल्यांत शेतकऱ्यांची मुलंच जास्त होती, ज्यांना शेतीचं अंग होतं आणि घरचं थोडंफार पाठबळ होतं.

ही जमीन रिकामी कशी झाली, हे परीक्षेच्या उत्तरांत सगळ्यात जास्त गाळलं जातं, आणि मला त्याचं दर वेळी वाईट वाटतं. ओहायोच्या मोजणीला सैन्याचं संरक्षण लागलं, कारण शॉनी, मायामी आणि इतर मूळ रहिवाशांनी आपला मुलुख कुणाला दिलेला नव्हता. १७९१ मध्ये त्यांनी अमेरिकी सैन्याचा मोठा पराभव केला. १७९४ मध्ये ते हरले आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात बराचसा ओहायो त्यांच्या हातून गेला. त्यानंतर आठ वर्षांत, १८०३ मध्ये, ओहायो हे राज्य झालं. त्याच वर्षी फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना लुइझियाना घेतलं आणि देशाचा आकार जवळपास दुप्पट झाला. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दक्षिणेत चेरोकी या मूळ रहिवाशांची गोष्ट नीट वाचा. सेक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने स्वतः अक्षरमाला तयार केली. तिच्यात प्रत्येक चिन्ह एक अक्षर, म्हणजे आपल्या 'क', 'कि', 'कु'सारखा एक अखंड उच्चार. १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना केली. १८२८ पासून न्यू एकोटा या त्यांच्या राजधानीतून चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वर्तमानपत्र निघू लागलं. त्यांची शेतं होती, छापखाना होता, न्यायालय होतं. १८३० मध्ये संसदेने अशा मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवायचा, म्हणजे स्थलांतराचा, कायदा केला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, तरी त्याच वर्षी जॉर्जिया राज्याने त्यांच्या जमिनीचे १६० आणि ४० एकरांचे तुकडे पाडून गोऱ्या नागरिकांमध्ये सोडत काढली. माणसं अजून घरात राहत होती आणि घराचा क्रमांक दुसऱ्याच्या चिठ्ठीत निघाला होता. १८३८ मध्ये सैन्याने त्यांना बाहेर काढलं. सुमारे १६,००० लोकांना आजच्या ओक्लाहोमाकडे नेलं आणि त्यांतले सुमारे ४,००० छावण्यांत आणि वाटेत मेले, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो.

चॉक्टॉ, क्रीक आणि चिकासॉ लोकांनाही याच दशकात हलवलं. त्यांची अलाबामा आणि मिसिसिपीमधली जमीन म्हणजे कापसाची जमीन. तिथल्या एका पट्ट्याला मातीच्या रंगावरून 'ब्लॅक बेल्ट' हे नाव पडलं. वऱ्हाड-खानदेशातल्या माणसाला काळी माती आणि कापूस हे नातं समजावून सांगायला नको.

इथून गिरण्यांकडे जाता येतं. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचं यंत्र बनवलं. दक्षिणेच्या आतल्या भागात येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसात सरकी घट्ट चिकटलेली असते, आणि हाताने ती सोडवायला दिवसच्या दिवस जात. यंत्राने ते काम झटक्यात होऊ लागलं. १७९० मध्ये देशात जेमतेम काही हजार गाठी पिकत. १८६० मध्ये ४० लाखांच्या आसपास. कापूस वेचायला मात्र यंत्र नव्हतं. ते काम गुलामांकडून करून घेतलं. १७९० मध्ये देशात सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळपास ४० लाख. आफ्रिकेतून आणायला १८०८ पासून बंदी झाली, तेव्हा व्हर्जिनिया-मेरिलँडसारख्या जुन्या राज्यांतून माणसं विकत घेऊन नव्या कापूसपट्ट्यात नेली गेली. १८६१ च्या यादवी युद्धापर्यंत असे सुमारे दहा लाख लोक हलवले गेले, मुलं आईपासून तोडून, नवरा-बायको वेगळे करून. विस्ताराच्या प्रकरणात बैलगाड्यांच्या रांगांबरोबर पायात बेड्या घालून चालवलेल्या या माणसांच्या रांगाही यायला हव्यात. पश्चिमेला गेलेले लोक म्हटल्यावर त्यांची गणती होत नाही, हा फार मोठा अन्याय आहे.

हा कापूस बहुतांशी इंग्लंडला जायचा. १८६० च्या सुमारास देशाच्या एकूण निर्यातीत किमतीने निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. उरलेला कापूस न्यू इंग्लंडच्या, म्हणजे देशाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, गिरण्यांत. पहिली गिरणी चालली ती ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे. सॅम्युएल स्लेटर हा इंग्लंडच्या सूतगिरणीत शिकलेला तरुण १७८९ मध्ये निघून आला. तेव्हा इंग्लंडमधून कुशल कारागिरांना बाहेर जायला बंदी होती, त्यामुळे यंत्रांची रचना त्याने डोक्यात साठवून आणली. १७९० च्या अखेरीस पाण्यावर सूतकताई सुरू झाली. पण विणकाम अजून घरोघरी हातमागावर होतं. १८०७ च्या व्यापारबंदीने आणि इंग्लंडशी झालेल्या १८१२ च्या युद्धाने इंग्लंडचा माल अडला, तेव्हा बोस्टनच्या व्यापाऱ्यांचं बंदरात अडकलेलं भांडवल गिरण्यांकडे वळलं. फ्रान्सिस कॅबट लॉवेल इंग्लंडच्या गिरण्या डोळ्यांखालून घालून आला आणि वॉल्थममध्ये त्याने कापसापासून कापडापर्यंतचं सगळं काम एका छपराखाली आणलं. हा काळ १८१३-१४ चा. म्हणजे या उद्योगाला पहिला जोर मिळाला तो युद्धाने आणि अडलेल्या व्यापाराने. पश्चिमेच्या जमिनीचा त्यात थेट हात फारसा नव्हता.

युद्ध संपल्यावर आयात पुन्हा सुरू झाली, आणि इथे आपला संबंध येतो. बोस्टन-सेलमची जहाजं भारतातून, मुख्यतः बंगालमधून, जाडंभरडं स्वस्त सुती कापड आणत. १८१६ च्या जकात कायद्यात सुती कापडावर शेकडा २५ कर बसवला आणि शिवाय एक अट घातली : चौरस वाराला किंमत कितीही कमी असली तरी २५ सेंट धरूनच कर आकारायचा. समजा, कापड ९ सेंटचं आहे. कर मात्र २५ सेंटवर, म्हणजे सव्वासहा सेंट. नऊच्या मालावर सव्वासहा कर दिल्यावर कोण विकणार आणि कोण घेणार? इंग्लंडच्या महागड्या तलम कापडाला ही अट फारशी लागत नव्हती, भारताच्या जाड्याभरड्या कापडाला मात्र ती नेमकी लागली. लॉवेलच्या गिरणीत तसंच जाडंभरडं कापड निघत होतं आणि या अटीसाठी तो स्वतः वॉशिंग्टनला खटपट करत होता. बंगालच्या विणकराला आपला बाजार का गेला हे कधी कळलंही नसेल.

आता तुमची मूळ शंका, गिरण्यांत राबत कोण होतं. लॉवेलच्या मृत्यूनंतर त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीवर, धबधब्याशेजारी नवं गाव वसवलं आणि त्याला त्याचंच नाव दिलं. पहिली गिरणी १८२३ ची. तिथे कामाला आल्या न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मेनच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली. कंपनीच्या वसतिगृहात राहायचं, घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, दिवसाला बारा-तेरा तास काम. राहणं-जेवण वजा जाता आठवड्याला साधारण दोन डॉलरच्या आत हाती पडत. पैसे घरचं कर्ज फेडायला जात, भावाच्या शिक्षणाला जात, काहींच्या स्वतःच्या लग्नासाठी शिल्लक राहत. १८३४ मध्ये मजुरी कमी केली तेव्हा या मुलींनी काम बंद पाडलं, १८३६ मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढवला तेव्हा पुन्हा पाडलं. १८४५ च्या सुमारास सारा बॅग्ली आणि तिच्या सहकारी दहा तासांच्या दिवसासाठी हजारोंच्या सह्या घेऊन विधिमंडळासमोर उभ्या राहिल्या.

मी लॉवेलला गेलो होतो, लेक तिकडे राहते म्हणून. जुन्या बूट गिरणीत आता संग्रहालय आहे आणि तळमजल्यावर जुने माग चालू ठेवलेत. आत जाताना कानात घालायला बोळे देतात. मी इचलकरंजीचा. पेठेत राहणाऱ्याच्या कानाला यंत्रमाग नवा नाही, म्हणून मी ते खिशातच ठेवले. दार उघडलं आणि तोच खडखडाट, पायाखालची तीच थरथर, धोटा इकडून तिकडे मारल्याचा तोच ठोका. क्षणभर वाटलं गल्लीतच उभा आहे. ते माग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहेत, मुलींच्या काळातले नाहीत, पण अशाच खोलीत त्या काम करत. सूत तुटू नये म्हणून हवा दमट राखायला खिडक्या बंद ठेवत. तशा खोलीत सोळा-सतरा वर्षांची पोर तेरा तास उभी राहायची, हे वाचणं वेगळं आणि पाय थरथरत असताना कळणं वेगळं.

पण या मुली शेतावरून निघाल्या कशाने? घरचं विणकाम गिरणीने संपवलं, हे एक कारण. दुसरं कारण पश्चिमेत आहे. तिथे कालवा येतो.

ॲपलाशियन डोंगररांग ओलांडून माल आणणं भयंकर महाग होतं. १८१७ च्या सुमारास बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल गाडीने आणायला सुमारे १०० डॉलर आणि जवळपास वीस दिवस लागत. वर्गात मी हे गणित फळ्यावर करून दाखवायचो. बुशेल हे तिकडचं धान्याचं माप. एक टन गहू म्हणजे अंदाजे ३३ बुशेल. न्यूयॉर्कला बुशेलला एक डॉलर भाव मिळाला असं धरा. ३३ डॉलरचा गहू आणि १०० डॉलर भाडं. म्हणून पश्चिमेचा शेतकरी मक्याची दारू गाळायचा, कारण तीच कमी जागेत जास्त किमतीची. नाहीतर डुकरं पायी हाकत न्यायचा. किंवा सपाट तराफा करून ओहायो-मिसिसिपीच्या धारेबरोबर न्यू ऑर्लिन्सला जायचा, तिथे माल आणि तराफ्याची लाकडं दोन्ही विकायचा आणि चालत परतायचा. वाफेच्या बोटींनी प्रवाहाविरुद्ध येणं शक्य केलं, पण माल दक्षिणेकडेच वाहत राहिला.

न्यूयॉर्क राज्याने स्वतःच्या पैशाने ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत एरी कालवा खणला. केंद्राने मदत नाकारली होती आणि राष्ट्राध्यक्ष जेफर्सनला तर ही कल्पना वेडेपणाची वाटली होती. गव्हर्नर डेविट क्लिंटनने ती रेटून नेली. १८१७ ला सुरुवात, १८२५ ला पूर्ण. ३६३ मैल लांब, ४० फूट रुंद आणि खोली फक्त ४ फूट, म्हणजे कमरेच्या थोडं वर पाणी. ८३ दरवाजेबंद टप्प्यांनी बोटी साडेपाचशे फुटांहून जास्त चढायच्या-उतरायच्या. काठावरच्या वाटेवरून खेचर किंवा घोडा दोरीने बोट ओढायचा. देशात कालव्याचे शिकलेले अभियंते जवळपास नव्हतेच. पाण्याखाली घट्ट होणारं सिमेंट ज्याचं बनतं तो चुनखडीचा दगड कालव्याच्या वाटेवरच सापडला आणि काम करता करता अभियंते तयार झाले. तेच पुढे इतर कालवे आणि रेल्वे बांधायला गेले. खर्च सुमारे ७० लाख डॉलर, आणि तो जकातीतून काही वर्षांतच वसूल झाला. भाडं टनाला १०० वरून १० डॉलरच्या आसपास आलं. आता तेच गणित पुन्हा करा : ३३ डॉलरचा गहू, १० डॉलर भाडं. शेतकऱ्याच्या हातात २३ डॉलर उरले. त्या २३ डॉलरांत तो नांगर, कापड, बूट, घड्याळ घेणार, आणि या सगळ्या वस्तू त्याच कालव्याने उलट्या दिशेने जाणार.

दुसरं टोक न्यू इंग्लंडचं. तिथली शेतं लहान, माती खडकाळ. ओहायो आणि पश्चिम न्यूयॉर्कचा स्वस्त गहू बोटीतून उतरू लागल्यावर तिथे धान्य पिकवणं परवडेना. मुलगे पश्चिमेला गेले. मुली गिरणीत गेल्या. एकाच घरातली दोन भावंडं एकाच कारणाने दोन दिशांना निघाली, आणि तुमच्या दोन प्रकरणांचा दुवा नेमका त्या घरात आहे. १८४० च्या दशकाच्या मध्यावर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि उपाशी लोकांचे लोंढे आले, तेव्हा मुलींची जागा हळूहळू आयरिश मजुरांनी घेतली.

इथपर्यंतचं एकदा जुळवून बघा. जमीन बळाने रिकामी झाली आणि मोजून विकली गेली. दक्षिणेच्या नव्या जमिनीवर गुलामांच्या श्रमाने कापूस आला, त्यातला काही उत्तरेच्या गिरण्यांत गेला. त्या गिरण्यांना पहिलं बळ युद्धाने आणि जकातीने दिलं. उत्तरेकडच्या नव्या जमिनीतला गहू कालव्याने पूर्वेला आला, त्याने जुनी शेती मोडली आणि गिरण्यांना माणसं मिळाली. ऱ्होड आयलंडच्या काही गिरण्या तर गुलामांच्या कपड्यांसाठीच भरड कापड विणत आणि ते मळ्यांवर परत जाई. हे सगळं वर्तुळासारखं फिरतं, त्यामुळे 'कारण' आणि 'परिणाम' असे दोन स्तंभ पाडू नका.

मजूर महाग म्हणून यंत्रं, हे तुमच्या सरांचं म्हणणं मग कुठे बसतं? ते बसतं १८३० नंतरच्या पश्चिमेच्या शेतीत. गहू पिकला की आठ-दहा दिवसांत कापावा लागतो, नाहीतर दाणे गळतात. त्या दिवसांत शेजारीपाजारी सगळेच आपापल्या शेतात, मजूर मिळणार कुठून? हाताने एक माणूस दिवसाला दोन-तीन एकर कापणार. सायरस मॅकॉर्मिकच्या घोड्याने ओढायच्या कापणीयंत्राने ते कितीतरी पटीने वाढलं. १८३१ मध्ये व्हर्जिनियात त्याने ते चालवून दाखवलं आणि १८४७ मध्ये कारखाना शिकागोला हलवला, कारण गिऱ्हाईक तिकडे होतं. जॉन डिअरचा नांगरही तसाच. इलिनॉयची गवताळ, चिकट माती बिडाच्या फाळाला धरून बसायची, दर काही पावलांनी थांबून खरवडावी लागायची. पावसानंतर काळ्या रानात नांगर धरलेल्याला हे लगेच कळेल. १८३७ मध्ये त्याने गुळगुळीत पोलादी फाळ केला आणि माती आपोआप निसटू लागली. इथे पश्चिमेची जमीन कारखान्याला थेट जन्म देते.

लॉवेलच्या सुरुवातीच्या गिरण्यांना मात्र हे कारण ताणून लावू नका. तसंच बंदुकांचं. सुटे भाग एकसारखे बनवायची आणि कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसायची पद्धत स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रकारखान्यांत रुजली. त्यामागे सैन्याची गरज आणि सरकारी पैसा होता. तिथे शिकलेले कारागीर पुढे शिवणयंत्रं आणि अवजारं बनवायच्या कारखान्यांत पसरले.

रेल्वेबद्दल थोडक्यात. १८४० मध्ये साधारण ३,००० मैल, १८६० मध्ये ३०,००० च्या घरात. सुरुवातीचे बरेचसे रूळ इंग्लंडहून येत, त्यामुळे रेल्वेने लगेच पोलादउद्योग उभा केला असं लिहू नका, ते पुढचं आहे. महत्त्वाचं हे, की पश्चिमेचा माल आता मिसिसिपीने दक्षिणेला न जाता शिकागोमार्गे पूर्वेला वळला. १८३३ मध्ये काहीशे वस्तीचं शिकागो १८६० मध्ये एक लाखाच्या वर गेलं. देशाचं वायव्य अंग ईशान्येला बांधलं गेलं आणि दक्षिण बाजूला राहिली. १८४८ मध्ये मेक्सिकोकडून घेतलेल्या प्रदेशात गुलामी असावी की नसावी, या वादाने १८६१ मध्ये युद्ध पेटलं. दक्षिणेचे प्रतिनिधी संसदेतून निघून गेल्यामुळे कसणाऱ्याला १६० एकर जमीन देणारा होमस्टेड कायदा आणि पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतच्या रेल्वेचा कायदा हे दोन्ही १८६२ मध्ये मंजूर होऊ शकले. त्या युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, अमेरिकी कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले आणि मुंबईसह खानदेश-वऱ्हाडातले कापसावर विसंबलेले लोक अडचणीत आले. उत्तरात ही ओळ घ्या, पण एकच. प्रश्न अमेरिकेचा आहे.

आणि नकाशा काढाच. उभा आयत, डावीकडे मिसिसिपी, वर सरोवरं, उजवीकडे किनारा एवढं पेन्सिलीने पुरेल. बफेलोपासून ऑल्बनीपर्यंत जाड रेघ, शेजारी १८२५. ऑल्बनीच्या पूर्वेला लॉवेलचा ठिपका. शिकागोहून पूर्वेला रेल्वेची रेघ, शेजारी १८५० चं दशक. व्हर्जिनियाहून अलाबामा-मिसिसिपीकडे एक बाण, त्यावर 'गुलामांचं सक्तीचं स्थलांतर', आणि तिथून न्यूयॉर्क-लिव्हरपूलकडे कापसाचा बाण. शेवटी जॉर्जियाच्या वायव्य कोपऱ्यात एक ठिपका द्या, त्याच्याशेजारी 'न्यू एकोटा, १८२८' लिहा आणि तिथून पश्चिमेला ओक्लाहोमापर्यंत तुटक रेघ ओढा. आयतात जागा उरली नाही तर समासात न्या, पण ती रेघ गाळू नका.